वाचकांचे प्रश्न : ड तुकडीच्या बाईंकडून

गेल्या अंकात मी आमच्या शाळेतल्या तुकड्यांविषयी लिहिलं होतं. ज्यांना तो अंक मिळाला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. १९८३ साली रुजू झाले तेव्हा आठवीच्या चार तुकड्या होत्या आणि त्या सातवीच्या गुणांवरून पाडलेल्या असत. अ तुकडी ऑफिसला लागून. ड तुकडी पाण्याच्या टाकीमागे, पत्र्याच्या खोलीत. मी नवीन, म्हणून मला ड दिली. पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना लक्षात आलं की आडनावं वाचत गेलं की गावाबाहेरच्या वस्त्या एकामागून एक डोळ्यांसमोर येतात. मग एकदा बदली तासाला अ तुकडीचं हजेरीपुस्तक हातात आलं. त्यात सगळी पेठ होती आणि सरकारी क्वार्टर्स होते. तुकड्या हुशारीवर पाडल्या असं आम्ही म्हणत होतो आणि हजेरीपुस्तकात मात्र गावाच्या आळ्या जशाच्या तशा उतरल्या होत्या.

त्या लेखावर पुष्कळ पत्रं आली. त्यातली पाच घेतली आहेत.

माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. वर्गात कंटाळतो, खोड्या काढतो, म्हणून मानसशास्त्रज्ञांकडून त्याची चाचणी करून घेतली. बुद्ध्यंक १३८ आला. घरात फार आनंद झाला, सासऱ्यांनी सोसायटीत पेढे वाटले. पण आता तो वर्गातल्या मुलांना 'लो आयक्यू' म्हणतो. परवा कामाच्या मावशींच्या मुलीलाही म्हणाला. त्याला निवडक मुलांच्या शाळेत घालावं का?
– एक आई, कोथरूड

ताई, शाळेचं नंतर बघू. मावशींच्या मुलीला तो जे बोलला ते आधी निस्तरायला हवं, आणि ते तुम्हीच करायला हवं, कारण तो शब्द त्याला घरातून मिळाला. त्याला बरोबर घेऊन त्या मुलीची माफी मागा. मावशींच्या समोर मागा. साडेआठ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट नीट कळते.

आता १३८ चं. या चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते. १३० च्या वर साधारण शंभरातली दोनेक मुलं जातात. म्हणजे तुमचा मुलगा कोडी, शब्द, आकृत्या, आकडे या कामांत त्याच्या वयाच्या बहुतेक मुलांपेक्षा चपळ आहे. ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. माझ्याही वर्गात अशी मुलं असत; फळ्यावर उदाहरण लिहून होण्याआधी त्यांचं उत्तर तयार. त्यांना तेच ते करायला लावलं की ती खोड्या काढतात. तुमच्या मुलाचं तेच झालं असणार.

पण ही चाचणी मुळात कशासाठी आली ते ऐका. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक समिती नेमली. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत कशी द्यायची, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमों यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची मालिका तयार केली. हुशार मुलं वेचून काढायला नव्हे, मागे राहिलेल्यांना हात द्यायला. बुद्धी ही कायमची ठरलेली आहे, वाढतच नाही, असं म्हणणाऱ्यांवर बिने चिडत. त्या विचाराला त्यांनी निर्दय निराशावाद म्हटलं आहे. १९११ मध्ये ते गेले, आणि पाच वर्षांत तीच चाचणी अमेरिकेत गेली, आकडा झाली आणि माणसांची उतरंड लावायच्या कामी आली. आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी ती कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी म्हणतात तिला. दवाखान्यांत आजही वापरतात, आणि ती बहुतेकदा मागे पडणाऱ्या मुलांना दाखला आणि सवलती मिळाव्यात म्हणून. बिनेंच्या मूळ हेतूजवळ ती तिथेच राहिली, असं मला वाटतं.

अमेरिकेत लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर 'असामान्य' मुलं निवडली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यातली पुष्कळ चांगली निघाली. पण त्या निवडीत चाचणी देऊनही जी मुलं बसली नाहीत त्यांतल्या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ. निवडलेल्यांपैकी एकालाही मिळालं नाही. चाचणी खोटी होती असा याचा अर्थ मी लावत नाही. तिला जेवढं दिसतं तेवढंच दिसतं.

शाळेचं विचारता, तर निवड करणं हे पाप आहे असं मी मानत नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये तुमच्याच पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली ती बुद्धिमान मुलांसाठीच, पण ती बुद्धी समाजाच्या कामी यावी या अटीवर. ही अट जिथे रोजच्या कामात दिसते, मुलांना गावात, वस्तीत, शेतात नेलं जातं, तिथे जरूर घाला. जिथे गेटवर निकालाचा फलक आणि आत फक्त टेस्ट सिरीज असेल तिथे घालू नका. आणि कुठेच घातलं नाही तरी बिघडत नाही. त्याला अवघड गणितं द्या, बुद्धिबळ द्या, पेटी शिकू दे. पेटीवर त्याची बोटं चार महिने अडखळतील; ते त्याच्यासाठी फार चांगलं आहे. तो रिपोर्ट कपाटात ठेवा आणि सासऱ्यांना माझा नमस्कार सांगून विनंती करा, की तो आकडा आता कुणाला सांगू नका.

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. आरक्षणातून इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, आता हिंजवडीत नोकरी करतो. मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्यामुळे देशातलं मेरिट मेलं." मी काहीच बोललो नाही, डबा बंद करून उठलो. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. काय बोलायला हवं होतं?
– एक वाचक, पुणे

वयाने तू माझ्या विद्यार्थ्यांएवढा आहेस, म्हणून तू म्हणते. काही बोलला नाहीस यात तुझी चूक नाही. भरल्या डब्यापुढे आपल्या असण्याचा हिशेब द्यायला कुणीही बांधील नसतो. पण झोप जाते आहे म्हणजे आत काहीतरी सलतंय, ते काढायला हवं.

पहिली गोष्ट. आरक्षण दारापाशी असतं. आत गेल्यावर विद्यापीठाची प्रश्नपत्रिका एकच, तपासणारा एकच, पास व्हायचे गुण तेवढेच. एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचं ते अवघड तिसरं गणित, तुला कुणी अर्ध्या किमतीत दिलं नाही. तुझी पदवी आणि त्या सहकाऱ्याची पदवी एकाच परीक्षेवर मिळालेली आहे, आणि तुमच्या कंपनीने तुम्हा दोघांना मुलाखत घेऊनच घेतलं आहे.

दुसरी गोष्ट. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. त्यात आणि मेडिकलला कमी गुणांवर, जास्त पैसे भरून किती जण गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मॅनेजमेंट कोट्यातून आलेल्याला जेवणाच्या टेबलावर मेरिटचा प्रश्न कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. प्रश्न गुणांचाच असता तर त्यालाही विचारला असता. म्हणून मला वाटतं, ज्यांनी आजवर बाहेर राहायचं असं ठरलेलं होतं ते आत आले, हे त्या वाक्याच्या तळाशी आहे.

आणि तिसरी गोष्ट जुनी आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचं म्हणणं असं होतं की वरच्या वर्गांना उच्च शिक्षण द्यावं, ते झिरपत खाली जाईल. फुल्यांनी विचारलं, सरकारचा महसूल येतो कुठून? शेतकऱ्याच्या घामातून. आणि खर्च होतो कुणाच्या कॉलेजावर? ज्याच्या पैशावर शाळा चालते त्याचंच पोर शाळेबाहेर, ही त्यांची तक्रार होती. वीस वर्षांनी, २६ जुलै १९०२ ला, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या नोकऱ्यांच्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायचा हुकूम काढला. पण ते हुकुमावर थांबले नाहीत, हे लोक विसरतात. नुसती जागा राखून भागत नाही, खेड्यातून आलेल्या मुलाला कोल्हापुरात राहायला खोली लागते, जेवण लागतं, हे त्यांना कळत होतं. म्हणून एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. पुढे १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. ती शिष्यवृत्ती नसती तर त्यांची बुद्धी काही कमी झाली नसती, आपल्यापर्यंत पोचली मात्र नसती.

माझ्या ड तुकडीत एक मुलगा होता, वीटभट्टीवरचा. तिमाहीला गणितात ११. दिवाळीनंतर मी त्याला शाळा सुटल्यावर पाऊण तास थांबवून घ्यायला लागले, आणि एक दिवस कळलं की त्याला फळ्यावरचं दिसतच नाही. चष्मा आणला. वार्षिकला ५८. मधल्या काळात त्याची बुद्धी वाढली का? तिमाहीच्या ११ ला आम्ही सगळ्यांनी त्याचं मेरिट म्हटलं होतं.

आरक्षणाच्या व्यवस्थेत दुरुस्त्या हव्यात का, एकाच घरातल्या तिसऱ्या पिढीचं काय, यावर चर्चा व्हावी असं मलाही वाटतं. ती चर्चा तू कर, तुझा अधिकार आहे. पण तो सहकारी चर्चा करत नव्हता, तो तुला उठवत होता. पुन्हा असं झालं तर उठू नकोस. "माझ्या कामात काही चूक दिसली तर सांग, दुरुस्त करतो. बाकी मी जेवतोय," एवढंच म्हण आणि जेव. आणि गावी फोन करून आईला हे सांग. अजून सांगितलं नसशील, मला माहीत आहे.

बाई, आपला लेख भावनाप्रधान वाटला. बुद्धी जन्मजात असते, हे विज्ञान सांगतं. समानतेच्या नावाखाली आपण ढकलपास आणलं, गुणवत्ता याद्या बंद केल्या. एका सर्जनचं मत आणि एका अंगठेबहाद्दराचं मत सारखंच मोजलं जातं. मतदानाला किमान शिक्षणाची अट नको का? लोकशाहीचं हे असं झालं ते यामुळेच.
– निवृत्त अधिकारी, नाशिक

तुमच्या पत्रातल्या एका मुद्द्याशी मी सहमत आहे, तो आधी सांगते. ढकलपासने गरिबाच्या मुलाचं नुकसान केलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करायचं नाही म्हटलं, आणि त्याच कायद्याने मुलाचं सतत मूल्यमापन करा असंही म्हटलं होतं. पहिलं सोपं होतं, ते आपण घेतलं. दुसऱ्याला कष्ट होते, ते कागदावर भरलं. आठवीत भागाकार न येणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे उभं राहताना मला लाज वाटली आहे. पण याला समानता म्हणू नका. पैसेवाल्याच्या मुलाला क्लास आहे, शिकवणी आहे. सरकारी शाळेतल्या मुलाला शाळेशिवाय काही नाही, आणि शाळेने त्याला न शिकवताच पुढे सरकवलं.

आता बुद्धी जन्मजात असण्याविषयी. माणसामाणसांत जन्मतः फरक असतात, हे मी कधी नाकारलं नाही. चार पोरांची आई ते कुणाच्याही आधी सांगेल. पण चाचणीत जे मोजलं जातं ते सगळं जन्मजात असतं, याला आधार नाही. जेम्स फ्लिन या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं की अमेरिकेत बुद्धिमापनाचे गुण दर दहा वर्षांनी साधारण तीनने वाढत आले आहेत. पुढे अनेक देशांत तेच आढळलं. दोन पिढ्यांत माणसाचं बीज बदलत नाही. शाळा बदलली, आहार बदलला, कामं बदलली, कागदावरच्या कोड्यांची सवय झाली.

सवयीचं सांगते. शिष्यवृत्तीच्या तयारीला गटात न बसणारं पद ओळखा असा प्रश्न असतो. आमच्या शाळेजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकदा सराव घ्यायला गेले होते. पदं होती कोंबडी, शेळी, म्हैस, बैल. उत्तर कोंबडी, कारण तिला दोन पाय. एका मुलीने बैल लिहिलं. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "बैल आमच्याकडं न्हाई, भाड्यानं आणतो. बाकीची आमची हायती." आमच्या उत्तरसूचीप्रमाणे तिला शून्य. मी तिचा कागद हातात घेऊन बराच वेळ बसले होते. त्या मुलीने वर्गीकरण केलं नव्हतं का? केलं होतं, आपलं काय आणि उसनं काय, या खुणेवर केलं होतं. तिच्या घरात पायांच्या संख्येपेक्षा ती खूण महत्त्वाची होती. नंतर वाचताना कळलं की अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाला १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या शेतकऱ्यांकडून असंच ऐकायला मिळालं होतं. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांत वेगळं काय? शेतकरी म्हणाले, काहीच वेगळं नाही, ओंडका नसेल तर करवत काय कामाची?

मतदानाला शिक्षणाची अट होतीच. इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर मताचा हक्क ठरत असे. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मतदानाची मागणी केली, आणि राज्यघटनेने ती मान्य केली. १९५१-५२ ची पहिली निवडणूक आठवा. शंभरातले जेमतेम अठरा साक्षर. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. जगात अनेकांना वाटलं होतं की हे कोसळेल. ते कोसळलं नाही, ते त्या ब्याऐंशी निरक्षरांच्या भरवशावर. सर्जनला शस्त्रक्रिया कळते, तिथे मी त्यांच्यापुढे हात जोडते. पण धरणात कुणाची जमीन जावी, रेशनवर काय मिळावं, हे ज्याची जमीन जाते आणि ज्याची चूल त्यावर पेटते त्याला विचारायलाच हवं. सर्जनचं मत त्याच्यापेक्षा मोठं कसं?

आणि बुद्धीवर हक्क मोजायला लागलं की गाडी कुठे जाते हे पाहिलेलं आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक नावाची मुलगी होती. आई 'मंदबुद्धीं'साठीच्या संस्थेत, मुलगी गरीब, बलात्कारातून दिवस गेलेले. तिला 'मंदबुद्धी' ठरवलं, आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं की मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. त्यातली तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही लेक व्हिव्हियन. ती पुढे शाळेत गेली, आणि एका सत्रात तिचं नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत होतं. आठ वर्षांची असताना आजारपणात गेली. गुणवत्ता याद्यांवर तुमचा एवढा विश्वास आहे, म्हणून ही एक यादी तुम्हाला सांगावीशी वाटली.

आम्ही इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायरला राहतो. इथे दहा-अकराव्या वर्षी 'इलेव्हन प्लस' परीक्षा देऊन ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे निवडक मुलांच्या सरकारी शाळेत, जाता येतं. ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत मुलं दीड-दोन वर्षं शिकवण्या करतात. आमची मुलगी सप्टेंबरमध्ये बसेल. ती रात्री दात खाते झोपेत. आम्ही चुकतोय का?
– आई-बाबा

तिचे दात आधी डॉक्टरांना दाखवा आणि शिकवणीचा एक दिवस आजच कमी करा.

ही परीक्षा जिच्यातून आली ती व्यवस्था १९४४ च्या कायद्याने आली. अकराव्या वर्षी मुलाची बुद्धी ओळखता येते आणि ती पुढे फारशी बदलत नाही, असा त्यामागे विश्वास होता. तो रुजवण्यात सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञांचा मोठा वाटा. बुद्धी जन्मजात असते हे दाखवायला त्यांनी पुढे वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचे आकडे प्रसिद्ध केले. आधी २१ जोड्या होत्या, मग तिसाच्या वर, मग ५३. आणि प्रत्येक वेळी दोन जुळ्यांच्या बुद्धीतला संबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणारा, ० म्हणजे काहीच नाही) नेमका ०.७७१! मी आयुष्यभर गणित शिकवलंय. जोड्या दुपटीहून वाढतात आणि तिसरा दशांशही हलत नाही, असं उत्तर मुलाच्या वहीत दिसलं असतं तर मी त्याला जवळ बोलावून विचारलं असतं, "कुणाचं बघून लिहिलंस?" १९७१ मध्ये बर्ट गेले, त्यानंतर लिऑन केमिन या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न विचारला. बर्ट यांची बाजू घेणारेही आहेत, पण ते आकडे आज पुरावा म्हणून कुणी पुढे करत नाही. इंग्लंडने बहुतेक भागांत ही व्यवस्था १९६५ नंतर सोडली. तुमच्यासारख्या काही काउंट्यांत ती राहिली, १६३ ग्रामर शाळा अजून आहेत.

तुम्ही राहता तिथे ती परीक्षा आहे, तर मुलीला बसू द्या. मी तुम्हाला तत्त्वासाठी तिचा बळी द्यायला सांगणार नाही. पण निकालाच्या आधी, म्हणजे आत्ताच, दुसरी शाळा तिला दाखवून आणा. तिथल्या ग्रंथालयात फिरू दे, मैदान बघू दे. ती शाळा तुमच्या घरात 'नापासांची' म्हणून ओळखली जात असेल तर ती दात खाणारच. आणि दीड वर्षाच्या शिकवणीनंतर जे गुण येतील त्यांना तिची नैसर्गिक बुद्धी म्हणू नका. शेजारच्या ज्या मुलीच्या आईला शिकवणी परवडली नाही तिच्याविषयी तर मुळीच काही म्हणू नका.

मी एसटीत कंडक्टर आहे. मुलाला दहावीला ५१ टक्के पडले, आयटीआयला इलेक्ट्रिशियनला घातला. भाऊबंद म्हणतात, डोकं नाही म्हणून हातकामाला लावला. माझ्या भावाची मुलगी बारावी सायन्सला आहे, सगळा मान तिकडे. पोरगं आता जेवायला पंगतीला येत नाही. बाई, आमच्या पोराला खरंच डोकं नाही का?
– एक बाप, जत

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

माझ्या ड तुकडीतला एक मुलगा आता तालुक्याच्या बाजारपेठेत मोटारी भरतो. जळालेल्या पंपांच्या मोटारी शेतकरी त्याच्याकडे आणतात, तो जुनी तार काढून नवी वाइंडिंग करतो. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या दुकानात सकाळपासून दुपारपर्यंत बसले होते. साडेसात एचपीची मोटार होती, आतून काळी पडलेली. त्याने पहिल्यांदा तार कापली नाही. आधी जोडण्या वहीत काढून घेतल्या, कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत जाते ते. मग एक कॉइल अख्खी सोडवली आणि वेढे मोजले. मध्ये गिऱ्हाईक आलं, त्याने हाताने थांब म्हटलं, आकडा सोडला नाही. तारेची जाडी मायक्रोमीटरने घेतली, आणि वरचं इनॅमल जळलेलं आहे म्हणून ते खरवडून पुन्हा घेतली. खाचा ३६. मला म्हणाला, "बाई, चार पोलची हाय. छत्तीस भागिले चार नऊ, नऊ भागिले तीन फेजा तीन. एका पोलला एका फेजच्या तीन खाचा." माझ्याच वर्गात या मुलाला भागाकार येत नाही असा शेरा मी प्रगतिपुस्तकात लिहिलेला आहे. नंतर खाचांत कागद घातला, कॉइली बसवल्या, बांबूच्या पट्टीने तारा हलक्या दाबल्या, कारण इनॅमलला ओरखडा गेला की मोटार पुन्हा जळणार. एका कॉइलची दिशा उलटी जोडली तर मोटार नुसती गुरगुरते आणि तापते, असं त्याने मला समजावून सांगितलं. मी सुट्टीत वाचून काढलेलं चुंबकीय क्षेत्र त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं.

हे डोक्याशिवाय होत नाही. हाताचं आणि डोक्याचं असं वेगळं काही त्या दुकानात मला दिसलं नाही. आपल्याकडे हात घाण होणाऱ्या कामाला कमी लेखायची रीत जुनी आहे, आणि ती कुणी घातली तेही आपल्याला माहीत आहे. तुमच्या भाऊबंदांनी ती नव्याने काढलेली नाही, पण ती तुमच्या पंगतीत चालू ठेवायचं कारण नाही.

मुलाने आयटीआय पुरी केली की ॲप्रेंटिसशिप सोडू देऊ नका. महामंडळात, कारखान्यात, जिथे मिळेल तिथे. सर्टिफिकेट व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेचं आहे ना, ते आत्ताच बघून घ्या. पुढे डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं का, हे त्यालाच आयटीआयच्या ऑफिसात जाऊन विचारू दे. पुतणीचं कौतुक करा, तिचा काही दोष नाही. तीही बिचारी बारावीच्या ओझ्याखाली असेल. आणि तुमची रजा असेल त्या दिवशी मुलाला घरातला जुना पंखा किंवा मिक्सर उघडायला सांगा. तो उघडेल तेव्हा शेजारी पाट घेऊन बसा आणि त्याला विचारा, हे काय, ते काय. त्याचा काका आला तर त्यालाही पाट द्या.